रफूगाराच्या पापण्या

माझे बाबा रफूगार. कापडाला भोक पडलं की त्याच कापडाच्या शिवणीतून धागे काढून ते एकेक करून असे विणतात, की भोक कुठे होतं हे मालकालाही सांगता येत नाही. आमच्या दुकानाचा एक नियम आहे. एकाने रफू केलं की दुसऱ्याने ते शोधायचं, आणि सापडलं तर ते उसवून पुन्हा करायचं. बाबांचं रफू मी शोधते. पंधरा वर्षं मला एकदाही सापडलं नव्हतं. गेल्या वर्षभरात तीनदा सापडलं.

तिसऱ्यांदा सापडलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून रुमालाने डोळे टिपले. ते रडत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून हल्ली दिवसभर पाणीच यायचं, संध्याकाळपर्यंत डोळे लाल होऊन चुरचुरायचे आणि कपाळ ठणकायचं. एक गिऱ्हाईक तर "चुकीच्या वेळी आलो वाटतं" असं पुटपुटत दारातून मागे फिरलं होतं.

"हा वकीलबाईंचा कोट शेवटचा," बाबा म्हणाले. "यातलं रफू तुला सापडलं, तर मी घरी बसतो. दुकान तू बघ."

मला दुकान नको होतं. मला बाबा हवे होते, माझ्या उजव्या हाताला, कुरकुरत बसलेले. कोटाला समोरच इस्त्रीने जळून तळहाताएवढं भोक पडलं होतं, म्हणजे महिन्याभराचं काम. तेवढाच वेळ माझ्या हातात होता.

अकरा महिन्यांत तीन चष्मे झाले होते. चष्मेवाला भला माणूस, पण त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर औषध एकच, नवी काच. शेवटी मी बाबांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत पिवळा थेंब टाकला, निळ्या उजेडात पाहिलं आणि म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत तुमचे."

"कोरडे?" बाबा उसळले. "रुमाल पिळून दाखवू का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, त्यात तेलही असतं. पापणी मिटली की तो नीट पसरतो. तुमचा थर चार सेकंदांत तुटतो. मग डोळा घाबरतो आणि भसाभस पाणी सोडतो, पण ते नुसतं पाणी, टिकत नाही." त्यांनी थेंब दिले, कोमट कापडाने शेकायला सांगितलं. "आता हे होतंय कशाने, ते तुम्ही शोधा. मी काही तुमच्या दुकानात बसत नाही."

त्यांचं हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात घुसलं. मला मुळातच चांभारचौकशांची खोड. घरचे कंटाळतात, पण या वेळी मला कोणी अडवणार नव्हतं.

आधी पंखा पकडला. घाम कापडावर पडू नये आणि धागेही उडू नयेत म्हणून बाबांनी एक छोटा पंखा फळीवर ठेवून नेमका तोंडावर लावलेला. "चष्मा आहे की, वारा डोळ्यांत जातोय कुठे?" ते म्हणाले. मी त्यांचा चष्मा स्वतः घातला आणि काचेच्या आतल्या बाजूला एक सुटा धागा धरला. धागा फडफडत होता. बाबांनी तीनदा वाकून पाहिलं आणि मुकाट्याने पंखा भिंतीकडे वळवला.

मग मोजपट्टी घेतली. चष्मेवाल्याने नंबर काढताना हातात पुस्तक दिलं होतं, ते बाबांनी चांगलं हातभर लांब धरलं होतं. बाबा कापड धरतात ते वीतभर अंतरावर. म्हणजे नवा चष्मा पुस्तकासाठी अगदी बरोबर होता, आणि रफूसाठी डोळ्यांना दिवसभर ओढाताण. कपाळ ठणकणार नाही तर काय होईल! आम्ही कोट घेऊनच चष्मेवाल्याकडे गेलो. "हे आधी का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत कुठे?" बाबा म्हणाले. दोघांचंही खरं होतं.

वीतभर अंतराच्या काचा आल्या तसा ठणका गेला, चुरचुर मात्र राहिली. मग मी घड्याळ घेऊन त्यांच्या समोरच बसले. शेजारच्या शिंप्याशी गप्पा मारताना बाबांची पापणी मिनिटात सतरा वेळा लवली. सुई हातात आल्यावर दोन वेळा. त्यापुढच्या मिनिटात एकदाही नाही. माझेच डोळे झोंबायला लागले.

"बाबा, तुम्ही पापणी मिटतच नाही!"

"नाहीच मिटत," ते अभिमानाने म्हणाले. "एक धागा वर, एक खाली. मध्ये पापणी लवली की धागा चुकला. माझ्या उस्तादांनी तसंच शिकवलं, मी तुला तसंच शिकवलं."

"मी नाही पाळत ते."

"काय?"

"पंधरा वर्षं मी चोरून पापण्या मिटते. तुमचं लक्ष कापडावर असतं."

बाबांचा चेहरा असा पडला, की मी बोलले ते चुकलं असं मला वाटलं. मग त्यांनी माझं आदल्या आठवड्याचं काम काढलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. त्यात त्यांना काही सापडलं नाही.

तोवर कोटाचा खालचा अर्धा भाग विणून झाला होता. वरच्या अर्ध्यासाठी आम्ही ठरवलं, की दर सहा धाग्यांनी मी "मिटा" म्हणायचं आणि त्यांनी सुई थांबवून डोळे पूर्ण मिटायचे. पहिले दोन दिवस ते माझ्यावर इतके खेकसले, की शिंपी डोकावून गेला. दुसऱ्या आठवड्यात मी म्हणायच्या आतच ते डोळे मिटायला लागले. रुमाल खिशातून कमी वेळा निघू लागला.

कोट पूर्ण झाला तेव्हा बाबांनी तो माझ्यासमोर टाकला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खोटं बोलायचं, हे मी सकाळीच पक्कं करून आले होते. मी कापड तिरपं धरलं, बोट फिरवलं. आणि सापडलं. धागा किंचित खेचलेला, एका ओळीत. मग बोट वरच्या अर्ध्यावर नेलं. पुन्हा नेलं. वर काहीच नव्हतं, जिथे भोक होतं तिथे नुसता कोट होता.

"सापडलं," मी म्हणाले. "पण अर्धंच."

बाबा वळले. "कुठलं अर्धं?"

"खालचं."

त्यांनी कोट ओढून घेतला आणि मी दाखवली ती ओळ पाहिली. मग वरचा भाग नखाने चाचपला, स्वतःचंच रफू शोधत, आणि ते त्यांनाही सापडेना. ते खाली बसले. कात्री घेतली आणि खालच्या भागाचा पहिला धागा कापला.

"वकीलबाईंना कळव, अजून दोन आठवडे लागतील," ते म्हणाले. "आणि पुढची कामं घ्यायला लाग."

मी फोन लावला. वकीलबाई पलीकडून हॅलो हॅलो करत राहिल्या आणि मी इकडे बाबांच्या पापण्या किती वेळा मिटतात ते मोजत होते.