दसऱ्याच्या मुहूर्तावर जन्मलेली फाइल

कुणावर विश्वास ठेवाल हो, माणसावर की त्याच्या कागदपत्रांवर? उत्तराची घाई करू नका. मी स्वतः कागदपत्रांतलीच, आणि चार माणसांसमोर खोटं बोललेय. मी एक फाइल. भौतिकशास्त्राच्या नोट्स, धडा सातवा.

मला लिहिलं रत्नप्रभाबाईंनी. महाराणा प्रताप नगरातल्या एका कोचिंग क्लासात त्या नऊ वर्षं शिकवत होत्या. ओळ लिहायच्या, खोडायच्या, चहा गार करायच्या. माझ्या प्रॉपर्टीज, म्हणजे फाइलची जन्मनोंद, उघडल्या की लेखक म्हणून त्यांचंच नाव दिसे. पण तिथे डोकावतंय कोण?

क्लासचे मालक सुभाषराव डोकावले. नोट्सचं पुस्तक काढायला एक प्रकाशक तयार झाला, तेव्हा. बाईंनी मुखपृष्ठावर आपलं नाव मागितलं. पगार घेता ना, मग नाव कसलं, असं सुनावून सुभाषरावांनी संगणक सांभाळणाऱ्या परागला कामाला लावलं.

परागने दहा-बारा ओळींचा कोड लिहिला. फोल्डरातली एकेक फाइल उघडायची, लेखकाच्या जागी सुभाषरावांचं नाव भरायचं, तयार झाल्याची तारीख बदलायची, बंद करायची. दूध उतू जायला लागतो तेवढ्या वेळात आम्ही तीनशे जणी परक्या झालो. तारीख टाकली २०१४च्या दसऱ्याची, क्लासच्या उद्घाटनाची, मुहूर्ताच्या वेळेसकट. शुभारंभ मुहूर्तावरच दिसला पाहिजे, असा सुभाषरावांचा हट्ट. चोरीला मुहूर्त काढणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

प्रकाशकासमोर, बाई आणि परागच्या देखत, त्यांनी नेमकं मलाच उघडलं. "मॅडम, रिकॉर्ड देख लो. लेखक मी, साल चौदा. तेव्हा तुम्ही इथे होतात तरी का?"

बाई म्हणाल्या, "तिसरं पान काढा, सुभाषराव. त्यात २०२२च्या परीक्षेतला प्रश्न सोडवलाय. आठ वर्षं आधी पेपर तुमच्याकडे आला कुठून, तेवढं सांगा."

प्रकाशकाने चष्मा काढून टेबलावर ठेवला. सुभाषराव परागवर उखडले, तारीख आत्ताच्या आत्ता बदल म्हणाले. पराग खुर्चीतून हलला नाही. "कोणती टाकू सर? खरी बाईंनाच ठाऊक आहे."

पुस्तक बाईंच्याच नावाने निघणार, असं प्रकाशक सांगून गेला. सुभाषरावांनी त्याच दिवशी बाईंना काढलं आणि फाइली द्यायला साफ नकार दिला. बाई आता घरी बसून पहिल्या धड्यापासून सगळं पुन्हा लिहिताहेत.

मी अजून क्लासच्याच संगणकात आहे, त्या माणसाचं नाव लावून. मला हात असते तर मीच ते खोडलं असतं. तुम्हाला आहेत. कुणी काय केलं, कधी केलं, याचा हिशेब तेवढा प्रामाणिकपणे लिहा.