साक्षीदाराची सही

खुशालनं झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर दुपट्टा अंथरला आणि मोनालीचे कागद त्यावर ओळीनं मांडायला घेतले. दहावी, बारावी, लॅबचा डिप्लोमा, टायपिंग, रहिवासी दाखला, जातीचा दाखला. मे महिन्याचा तापलेला वारा सुटला होता, म्हणून त्यानं प्रत्येक कागदावर एकेक गिट्टी ठेवली. अर्जुनीच्या कचेरीसमोर सावली शोधत उभ्या असलेल्या लोकांना हे सगळं गमतीचं वाटत होतं. खुशालला नव्हतं वाटत.

"बाबा, यादीपरमानं लावले होते ना मी," मोनाली म्हणाली. "कायले पुन्हा उसकटून राहिले?"

"बाबू लोक यादी नाई पाहत. जे वर दिसलं तेच मांगतात. मले नको शिकवू."

आज मोनालीला कुठल्याच गोष्टीवर वाद घालायचा नव्हता. तालुक्याच्या जनगणना कक्षात मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती. घरोघर फिरणाऱ्या मास्तरांच्या मोबाईलवर ॲप अडलं की ते सोडवायचं, आलेली माहिती तपासायची. काम अकरा महिन्यांचं, तात्पुरतं. रुजू व्हायचा आज शेवटचा दिवस होता आणि कचेरी पाचला बंद होत होती.

खैरीटोल्यात खुशालला कोणी खुशाल म्हणत नसे. सगळे 'गिनतीबाबू' म्हणत, आणि त्यात चेष्टा किती नि मान किती हे म्हणणाऱ्यावर असे. एक्याण्णवच्या जनगणनेत, एकवीस वर्षांचा असताना, तो नागपूरला एका कार्यालयात तात्पुरता लागला होता. गोणपाटाच्या थैल्यांत भरून अख्खी गावं यायची, म्हणजे गावांचे कागद यायचे, आणि त्यांचे आकडे चौकोनांत भरायचे. अठरा महिने त्यानं हे केलं आणि एकदाही खाडाखोड केली नाही. एकदा साहेबांनी त्याचा कागद वर धरून साऱ्या हॉलला दाखवला होता. मग काम संपलं, प्रत्येकाला एकेक प्रमाणपत्र मिळालं आणि साहेब म्हणाले, "सांभाळून ठेवा. पुढे काही निघालं तर कामी येईल."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, म्हणतात. खुशाल पस्तीस वर्षं थांबला. घरी बसवलेल्या जनगणना कर्मचाऱ्यांची संघटना झाली, तिचा तो तालुका सचिव झाला. दर हिवाळी अधिवेशनाला नागपूरला मोर्चा, दर मोर्च्याला एक निवेदन, दर निवेदनाची शिक्का मारलेली पोच. सौंदडच्या एका राईस मिलवाल्यानं मुनीम म्हणून बोलावलं, तर हा म्हणाला, माझा ऑर्डर कधीही येईल, मध्येच सोडून जावं लागेल, तुमची अडचण नको. इकडे बायको, दुर्गा, लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणी करत राहिली. वयाची सवलत आली आणि एक दिवस तीही उलटून गेली. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण ऑर्डर काही आला नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हा पोळल्या तोंडानं पुन्हा दूधच मागत होता.

मोनालीचं नाव यादीत लागलं त्या दिवशी त्यानं गावात पेढे वाटले. त्याच आठवड्यात नागपूरहून तिच्या मैत्रिणीचा, नूतनचा, फोन आला. नूतन जिथं कामाला होती त्या पॅथॉलॉजीत एक जागा रिकामी होती. तिथल्या मॅडमनी फोनवरच मोनालीला चार प्रश्न विचारले आणि सोमवारी ये म्हणाल्या. रक्त तपासायचं काम, ती जे शिकली होती नेमकं तेच. मोनालीनं घरात तो विषय एकदाच काढला.

"खाजगी ते खाजगी," खुशाल कडाडला होता. "उद्या हाकलून देतील तं कोनाले निवेदन देशीन?"

दुर्गा चुलीपाशी होती. तिला हसू आलं की रडू, ते तिनं तोंड फिरवल्यामुळं कळलं नाही. मोनाली अर्ध्या जेवणावरून उठली. नूतनला 'नाही' कळवायचं तेवढं तिच्याच्यानं झालं नाही, ते आजपर्यंत राहिलंच होतं.

"झाला ना हमीपत्राचा कागद, गिनतीबाबू?" मुद्रांक विकणारा ईश्वरदास शेजारच्या खोलीचं शटर ओढत होता. "मी चाललो बापा. भाच्याचं लगन आहे सौंदडले. आता उद्याच."

"टाईप पन झाला," खुशाल म्हणाला. "एकदम ओक्के."

कक्षात एक कूलर होता, दोन संगणक होते आणि सकाळपासून तेच तेच सांगून दमलेले एक बाबू होते. भिंतीला लागून पंचविशीतला एक जण मांडीवर फाईल घेऊन बसला होता.

"हे स्वप्निल. प्रतीक्षा यादीत एक नंबर," बाबू मोनालीला म्हणाले. "तुम्ही पाचपर्यंत नाही आल्या तर यांचा नंबर. दुपारपासून दरवाजाकडे पाहून राहिले."

स्वप्निल ओशाळून हसला. त्याचंही हमीपत्र मुद्रांकावर टाईप करून तयार होतं, सह्या तेवढ्या बाकी होत्या. खुशालला ते पाहून बरं वाटलं नाही. तयारी अशीच असते, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं!

"हमीपत्र वाचून घ्या ताई, मग सही करा," बाबू म्हणाले.

मोनालीनं कागद सरळ केला. "'मी, मोनाली खुशाल शहारे, वय चोवीस वर्षे...'"

पुढचं खुशालच म्हणू लागला, कागदाकडं न पाहता. "'असे लिहून देते की, सदर नेमणूक निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची असून काम संपताच ती आपोआप संपुष्टात येईल. त्या आधारे शासकीय सेवेत कायम करण्याची मागणी मी करणार नाही, तसा हक्क सांगणार नाही व त्यासाठी कोठेही दाद मागणार नाही.'"

बाबूंनी मान वर केली. "अक्षर न् अक्षर बरोबर. तुम्ही कधी वाचलं?"

"एक्यान्नवले. मीच लिहून दिलं होतं."

हे सांगताना त्याला नेहमीसारखी ऐट यायला हवी होती. आली नाही. हक्क सांगणार नाही असं लिहून देऊन आपण जन्मभर तोच हक्क सांगत फिरलो, हे त्याला आजच कळलं असं नव्हे. पण तेच शब्द पोरीच्या नावापुढं आले आणि त्याला आपल्या वेळचा कागद आठवला. तेव्हा साक्षीदार त्याचा बाप होता. मनिरामनं शाईत बुडवलेला अंगठा कागदावर टेकवला आणि गावी येईपर्यंत पुसला नाही; गाडीत शेजारच्यांना दाखवत आला. मरायच्या आधी चार दिवस त्यानं विचारलं होतं, "आला का रे तुझा ऑर्डर?" खुशालनं 'येऊन राहिला' म्हणून सांगितलं होतं.

मोनालीनं सही केली. सुंदर अक्षर होतं तिचं, बापासारखंच. सही करून तिनं पेनाचं टोपण लावलं नाही, तसंच हातात धरून खिडकीबाहेर पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर खुशालला सोपं गेलं असतं.

"सर," स्वप्निलनं मागून विचारलं, "काम झाल्यावर अनुभवाचं सर्टिफिकेट भेटते ना?"

"भेटते ना," बाबू कागद चाळता चाळता म्हणाले. "सांभाळून ठेवायचं. पुढे काही निघालं तर कामी येते."

खुशाल खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्यानं मोनालीकडं पाहिलं, मग त्या कागदाकडं.

"साक्षीदार कोण? तुम्हीच ना? या, इथं," बाबूंनी बोट ठेवलं.

खुशालनं खिशातलं पेन काढलं, वाकला आणि पहिलं अक्षर काढलं. मग त्याचा हात एकाएकी सरकला. रेघ तिरपी वर गेली आणि मोनालीच्या सहीवरून पार झाली. तो "अरे अरे" म्हणाला आणि ती दुरुस्त करायला म्हणून त्यानं आणखी एक रेघ मारली. तीही सहीवरूनच गेली, आणि ही जास्त ठळक होती.

"हात थरथरला," तो म्हणाला.

बाबूंनी कागद उचलून पाहिला, घड्याळ पाहिलं. साडेचार वाजले होते. "दुसरा मुद्रांक?"

"ईश्वरदास गेला सौंदडले."

"असू द्या. ताई, बाजूला पुन्हा सही करा. तुम्ही पण करा काका. मी घेतो चालवून. एवढ्या उन्हात आले तुम्ही."

आयुष्यभर खुशाल या एका वाक्याची वाट पाहत होता. मी घेतो चालवून. कुठल्याही टेबलावरच्या कुठल्याही माणसानं हे कधी त्याला म्हटलं नव्हतं.

"नाई साहेब," तो म्हणाला. "सूचनापत्रात लिहून आहे. सूचना नऊ. खाडाखोड केलेले हमीपत्र ग्राह्य धरले जाणार नाही."

"अहो, मीच म्हणतो ना चालते."

"नियम ते नियम."

बाबू बघतच राहिले. नियम शिथिल करा म्हणणारे त्यांनी ढिगानं पाहिले होते. घट्ट आवळा म्हणणारा हा पहिलाच. शेवटी ते मोनालीकडं वळले. "ताई, तुमचं काय म्हणणं? सही करता का बाजूला?"

मोनाली बापाकडं पाहत होती. खुशाल मात्र कूलरकडं पाहत होता, जणू त्यात काही बिघाड झाला होता. मग तिनं पेनाला टोपण लावलं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "बाबांले नियम माहीत आहेत."

"बघा बुवा, मग मी काय करणार," म्हणत बाबूंनी यादीवर काहीतरी लिहिलं. "स्वप्निल, या पुढे."

स्वप्निल इतक्या घाईनं उठला की त्याची फाईल खाली पडली. कागद गोळा करून त्यानं टेबलावर ठेवले, न वाचताच सही केली आणि साक्षीदाराच्या जागेपाशी अडला. त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"काका, माझ्यासंग कोनी नाई. तुम्ही कराल का?"

खुशाल गोंधळला. हे त्यानं गृहीत धरलं नव्हतं. "वाचलं का तू?" त्यानं विचारलं.

"वाचलं ना."

"पुन्हा वाच. मोठ्यानं."

स्वप्निलनं भराभरा वाचून काढलं. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसं.

"अकरा महिने झाले की उठायचं अन् दुसऱ्या कामाले लागायचं. थांबायचं नाई. समजलं?"

"हो काका," स्वप्निल म्हणाला आणि जोरजोरात मान हलवली. त्याचे डोळे मात्र बाबूंच्या शिक्क्यावर होते. एकवीस वर्षांच्या खुशालनंही अशीच मान हलवली असती. नव्हे, हलवलीच होती.

खुशालला त्या पोराची दया आली. पण त्याला नाही म्हणायचा आपल्याला काय अधिकार, हेही त्याला कळेना. पोराच्या घरचं खुशालला माहीत नव्हतं, नागपूरहून त्या पोराला कोणाचा फोन आला नव्हता. शेवटी त्यानं पेन काढलं आणि वाकून सही केली. खुशाल मनिराम शहारे, राहणार खैरीटोला. खाली तारीख. अक्षर छापल्यासारखं, एका रेषेत, कुठं फराटा नाही की ठिपका नाही.

बाबूंनी ती सही पाहिली. मग बाजूला पडलेला मोनालीचा कागद पाहिला. काहीतरी विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण नुसताच शिक्का मारला.

पायऱ्या उतरताना मोनालीनं फोन काढला. "नूतन, ऐक ना," ती म्हणाली. "सोमवारी येऊन राहिली मी. हो, पक्कं." मग फोन पर्समध्ये टाकून ती बापाच्या बरोबरीनं बसस्टँडकडं चालू लागली. ऊन अजून उतरलं नव्हतं. खुशालनं दुपट्टा तिच्या डोक्यावर टाकला.

"बाबा," ती म्हणाली, "हात कसा आहे आता?"

खुशालनं उजवा हात पुढं धरला, उलटा केला, सुलटा केला आणि खिशात घातला.

"आता बरा आहे," तो म्हणाला. "चाल लवकर, साडेपाचची गाडी भरून जाते."