फोनांचं झाड

मोखाड्याच्या डोंगरातल्या आमच्या पाड्यावर रेंज एकाच ठिकाणी येते, शाळेमागच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली. म्हणून पाड्यातले सगळे फोन त्या झाडालाच टांगलेले. जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवून प्रत्येक घराने आपापली फांदी धरली आहे. फोन वाजला की जवळ असेल त्याने उचलायचा आणि खाली हाळी देऊन निरोप सांगायचा. परक्याच्या पिशवीत हात घातला म्हणून इथे कुणी रागावत नाही. मी इथली शाळेची बाई, उज्ज्वला. रोज जव्हारहून स्कूटीवर येते. सुरुवातीला मला या झाडाचं हसू यायचं, आता माझीही पिशवी तिथे आहे.

इंटरनेटच्या इतिहासावर माहितीपट काढणारी मंडळी या झाडाची बातमी लागून आली. दिग्दर्शक नीलेश, ठाण्याचा. फार गोड बोलायचा, त्यामुळे पहिल्या भेटीतच माझ्या डोक्यात गेला. त्याचा सिनेमा सुरू होणार होता खोलीएवढ्या कॉम्प्युटरपासून, मग समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबली, आणि शेवट आमच्या झाडावर.

"मॅडम, याहून सुंदर शेवट मिळणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे इथे टॉवर झाला असता तर तुमची पंचाईतच होती," मी म्हटलं. तो नुसता हसला. असल्या माणसांना टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी गौरामावशी सकाळपासून झाडाखाली बसून होती. तिचा लेक लक्ष्या गुजरातकडच्या एका बंदरावर, मासेमारीच्या बोटीवर कामाला. स्वतःचा फोन पाण्यात पडून गेलेला, त्यामुळे तो बंदरावर दर वेळी वेगळ्या कुणाचा तरी मागून घरी फोन करायचा. इकडून त्याला लावायची सोय नव्हती. आदल्या दिवशी त्याने सांगितलं होतं की हवा बिघडली आहे, तरी बोट चालवणारा तांडेल समुद्रात जायचंच म्हणतोय. "आये, तू सांगशील तं परत येतो."

मावशीने तेव्हाच 'ये' म्हटलं नाही. घरचा शब्द दोघांचा असतो, एकट्या आईने द्यायचा नसतो, अशी इथली रीत. "उद्या फोन कर. तुझ्या बापाला इचारून सांगते," ती म्हणाली. बाप तुका हट्टी. अर्धा हंगाम टाकून आलेल्या पोराला पुन्हा बोटीवर कोण घेणार, हे त्याचं पालुपद. मावशीने भांडून, रडून त्याला एकदाचा वळवला. आता लेकाला एवढंच सांगायचं राहिलं होतं, घरी ये.

नीलेशला संध्याकाळचा उजेड हवा होता. दिवस डोंगराआड गेला, कॅमेरे लागले, आणि नेमके झाडावरचे फोन एकामागून एक वाजायला लागले. आवाज धरणारा माणूस वैतागला. सगळे फोन सायलेंट करायचं ठरलं.

"सगळे करा, पण तो पांढऱ्या शर्टाच्या पिशवीतला करू नका," मी नीलेशला बजावलं. लक्ष्याच्या शाळेच्या शर्टाची पिशवी होती ती, खिसासुद्धा तसाच होता. मी कारणही सांगितलं.

"नक्की मॅडम," नीलेश म्हणाला आणि त्याने मला पोरांना आणायला खाली पाठवलं. पोरं टेकाडावरून धावताना हवी होती.

पोरं घेऊन वर आले तोवर चित्रण सुरू झालं होतं. मावशीचा चेहरा आवडला म्हणून तिला झाडाकडे पाठ करून बसवलं होतं. नीलेश विचारत होता, इंटरनेटमुळे तुमचं आयुष्य कसं बदललं?

"माना काय ठावं? फोन वाजला तं कळंल," मावशी म्हणाली. ती बिचारी कान मागे लावून बसली होती.

फोन वाजला नाही. चित्रण संपल्यावर तिने पिशवीतून फोन काढून माझ्या हातात दिला. एकाच अनोळखी नंबरचे मिस कॉल, लागोपाठ. आवाज धरणाऱ्याला पांढऱ्या पिशवीचं कुणी सांगितलंच नव्हतं. मी तो नंबर लावला. बंदरावरचा चहावाला बोलत होता.

"वो लड़का? बहुत बार लगाया उसने. फिर बोला, माँ चुप है मतलब जाने को हाँ है. बोट निकल गई, मैडम."

आमच्याकडे मोठं माणूस गप्प राहिलं की होकार धरतात. पोरगा रीतीला धरून वागला होता.

"सॉरी मॅडम, थोडा कम्युनिकेशन गॅप झाला," नीलेश म्हणाला. त्यावर मी जे बोलले ते शाळेच्या बाईच्या तोंडी शोभत नाही. मला त्याचा पश्चात्तापही नाही.

वादळ आलं. बाकीच्या बोटी मागे फिरल्या, लक्ष्याची फिरली नाही. तुका बंदरावर जाऊन बसला आणि हात हलवत परत आला.

पावसाळा सरल्यावर नीलेशने माहितीपटाची लिंक पाठवली. पाड्यावर ती अर्थातच उघडली नाही. मग पेन ड्राइव्ह आला, आणि पाडा शाळेच्या टीव्हीपुढे जमला. मावशीला मी बोलावलं नव्हतं, तरी ती आली. खोलीएवढे कॉम्प्युटर गेले. मग एक जहाज समुद्रात जाडजूड केबल सोडू लागलं. निवेदक सांगत होता, सगळ्या जगाचे निरोप आता समुद्राखालून जातात.

"बाय, समुद्राखालून सगळ्यांचा निरोप येतो," मावशी मला म्हणाली. "तं माझ्या लक्ष्याचा कां नाय येत?"

मी तिला माझ्या शेजारी बसवून घेतलं.

शेवटी आमचं झाड आलं. अंधारत चाललेलं आभाळ, लोंबणाऱ्या पिशव्या, बासरी. आणि त्यातली पांढरी पिशवी आतून उजळली. विझली. पुन्हा उजळली. शर्टाचा खिसा स्पष्ट दिसत होता. नीलेशला ते दृश्य भलतंच आवडलं असावं, त्याने ते बराच वेळ ठेवलं होतं.

मी टीव्ही बंद करायला उठले, पण मावशी माझ्या आधी पोचली. तिने त्या पिशवीवर तळहात ठेवला आणि काचेला तोंड लावून म्हणाली, "ये रं पोऱ्या. बापूस हो बोलला. घरी ये."

पिशवी विझली. नावं वर सरकायला लागली.

"बाय, परत लाव," मावशी म्हणाली. "अजून वाजतोय त्याचा."

मी परत लावलं.