साठ मिनिटांत न मावलेलं गाणं

मी कॅसेट बोलतेय. हसू नका. तुमच्या माळ्यावरही माझी दोन-चार भावंडं धूळ खात पडली असतील आणि त्यांनी तोंड उघडलं, तर तुम्हाला तोंड लपवायला जागा उरणार नाही. मी आज उघडणार आहे. माझ्या मालकाने, म्हणजे एका नामवंत लेखकाने, माझ्याविषयी इतक्या थापा मारल्या आहेत की आता गप्प बसणं माझ्याच्याने होणार नाही.

आधी एक गोष्ट सांगते. मी साठ मिनिटांची आहे. तीस मिनिटं या बाजूला, तीस त्या बाजूला. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

कारखान्यातला जन्म आम्हा सगळ्यांचा सारखाच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कॅसेटच्या एका दुकानातल्या मागच्या खोलीत. एक टेबल, एक खुर्ची, दोन कॅसेट मावतील असा टेपरेकॉर्डर आणि कधीच नीट बंद न होणारी खिडकी. तिथे लेखकाची थोरली बहीण कामाला होती. गिऱ्हाइकांना हवी ती गाणी एका कॅसेटवरून दुसरीवर उतरवायची आणि डबीतल्या कार्डावर त्यांची नावं लिहायची, हे तिचं काम. दिवसाचे आठ तास ती गाणी ऐकायची. अक्षर इतकं सुरेख, की गिऱ्हाईक गाणी ऐकण्याआधी कार्ड बघूनच खूश व्हायचं.

तिचा धाकटा भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा होता. सारखा काहीतरी गुणगुणायचा, म्हणून ती त्याला भुंग्या म्हणायची. पण त्या वर्षी तो नापास झाला आणि त्याचं गुणगुणणं बंद पडलं. घरात कुणाशी बोलायचा नाही. वह्यांच्या मागच्या पानांवर काहीबाही लिहायचा आणि फाडून टाकायचा. ताई ते तुकडे केरातून उचलून जुळवून वाचायची, हे त्याला आजही ठाऊक नाही.

एक दिवस एका गिऱ्हाइकाने चार जणांच्या रॉक बँडची कॅसेट उतरवायला आणून दिली. बँडचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की ‘त्यांची आधीची गाणी जास्त चांगली होती’ असं म्हणायला दोन माणसं कुठूनतरी उगवतातच. ताईने ती ऐकली आणि हातातलं काम थांबवलं. “हे भुंग्याला पाहिजे,” ती स्वतःशीच म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला आणि कोऱ्या कॅसेटींच्या खोक्यातून मला उचललं.

बँडची गाणी होती त्रेसष्ट मिनिटांची. पहिली बाजू काठोकाठ भरली. दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं सात मिनिटांचं. त्यात एक माणूस खूप वर्षांनी घरी परततो. रस्ता येतो, वळण येतं, फाटक येतं, पायऱ्या येतात. ड्रम हळूहळू चढत जातो. माणूस दारापाशी पोचतो, दार वाजवायला हात उचलतो आणि खट्! माझी टेप संपली. पुढची तीन मिनिटं माझ्यात आलीच नाहीत. मोठी कोरी कॅसेट दुकानात नव्हती आणि मूळची न्यायला गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं.

ताईने कार्डाच्या आतल्या घडीवर पेन्सिलीने लिहिलं, ‘भुंग्या, शेवटचं गाणं अर्धंच आलंय, टेप संपली. उरलेलं मी पाठ करून ठेवलंय. तुला म्हणून दाखवीन. ताई.’ मग माझ्या डोक्यावरचे दोन बारके प्लास्टिकचे कान तिने मोडले. ते मोडले की आमच्यावर चुकूनसुद्धा दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. दुखलं मला, पण बरंही वाटलं.

आता मालकांचं कौतुक ऐका. या दिवट्याने कार्डाची घडी कधी उघडलीच नाही.

खोटं कशाला बोलू, त्या चौघांनी त्याला जागं केलं. मी पहिल्यांदा वाजले, तेव्हा तो पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिसऱ्या गाण्याला उठून बसला. पाचव्या गाण्याला त्याने वही ओढली. ड्रमच्या ठोक्यावर तो पेन आपटायचा आणि ठोका थांबला की वाक्य थांबवायचा. त्याआधी त्याची वाक्यं धुण्याच्या दोरीसारखी लांबलचक असायची. ती आखूड झाली, त्यांत दम आला. गायकाचा आवाज फाटका होता, पण तो फाटका आवाज लपवत नव्हता. ‘असंही चालतं तर!’ असं भुंग्या मोठ्याने म्हणाला, ते मी ऐकलंय. त्या आठवड्यात त्याने पहिली गोष्ट पुरी केली आणि फाडली नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. तेवढाच, एकदा.

त्या गोष्टीत एक मुलगा रुसून गेलेल्या मित्राकडे जातो, दाराशी हात उचलतो आणि गोष्ट संपते.

ताईने ती वाचली. “छान आहे रे. पुढे?”

“पुढे काही नाही. संपली.”

“अरे, पण दार उघडलं की नाही?”

“ताई, हे साहित्य आहे. त्या गाण्यात नाही का, हात उचलला की संपतं?”

“ते गाणं तिथे संपत नाही, वेड्या. पुढे तो...”

“तुला काय कळतंय! तू तुझ्या गिऱ्हाइकांची गाणी उतरव.”

ताईने वही मिटून त्याच्या हातात दिली. तेव्हाच तिने त्याचा कान धरून कार्डाची घडी उघडायला लावायला हवी होती. पण धाकट्या भावाला पहिल्यांदाच काहीतरी जमलंय, त्यात आपण कशाला खोडा घाला, असं तिला वाटलं. थोरल्या बहिणी असल्या चुका प्रेमाने करतात आणि पुढे जन्मभर निस्तरतात.

मग काय विचारता! गोष्टींमागून गोष्टी आल्या, पुस्तकं आली आणि प्रत्येक पुस्तकात कुणीतरी दाराशी हात उचलून उभं. समीक्षक नावाच्या माणसांनी त्यावर लेख लिहिले. ‘शेवट नाकारण्याचं धाडस,’ म्हणे. कसलं डोंबलाचं धाडस! माझी टेप संपली होती हो, टेप! त्या लेखांची कात्रणं मालकांनी फाइलला लावली आणि मला काचेच्या कपाटात ठेवलं.

त्या बँडची गाणी पुढे मोबाइलवर आली. मालकांनी ती ऐकली असती, तर एका दुपारीच फुगा फुटला असता. पण नाही! “मोबाइलवरचा आवाज म्हणजे पाणी घातलेलं दूध. मी फक्त कॅसेट ऐकतो,” असं ते पाहुण्यांना नाक वर करून सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे. माझ्या टेपमागचा फोमचा तुकडा झिजलाय, आवाज घरघरतो, हे एकालाही कळत नव्हतं.

पुढेपुढे तर मी वाजायची आणि मालक खुर्चीत डोळे मिटून बसायचे. बायकोने हाक मारली की म्हणायचे, “थांब, सूर लागतोय.” पूर्वी मी दोन बाजू वाजेपर्यंत चार पानं व्हायची, आता दोन कप कॉफी व्हायची. नवी कादंबरी तीन वर्षं एकाच पानावर अडली होती. नायक दाराशी हात उचलून उभा होता आणि या खेपेला प्रकाशक म्हणत होता, “साहेब, आता बास. या वेळी दार उघडा.” मालकांना उघडताच येईना. आयुष्यात शिकलेच नव्हते ना!

हेही मी सोसलं असतं. पण त्यांनी एक लेख लिहिला. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत पानभर, माझ्या फोटोसकट. ‘आमच्या घरात गाण्याचा कान कुणालाच नव्हता. एका उदास दुपारी ही कॅसेट मला फुटपाथवर सापडली आणि मी लेखक झालो.’

फुटपाथवर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आठ तास गाणी ऐकणाऱ्या बहिणीच्या घरात गाण्याचा कान नव्हता? बहिणीने डबा बाजूला सारून दिलेली कॅसेट सांगायला तुम्हाला लाज वाटली? फुटपाथ ऐटदार दिसतो, ताई साधी दिसते, एवढंच ना? ताईने तो लेख वाचला. त्यानंतर ती या घरी आली नाही, तिचा फोनही आला नाही. मालक म्हणाले, “तिचं असंच असतं.” चार वर्षं गेली.

गेल्या महिन्यात ग्रंथालयाच्या सभागृहात मालकांचं भाषण ठरलं. विषय, ‘त्या चौघांच्या गाण्यांनी मला काय दिलं’. मला छोट्या गादीवर ठेवून टेबलावर मांडलं होतं. मालकांनी फुटपाथ रंगवून सांगितला. आता फुटपाथवर वारा सुटला होता आणि एक पिवळं पानही पडत होतं, दरवेळी थोडी भर पडते. मग त्यांनी शेवटचं गाणं लावायला सांगितलं. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या बाईंकडे कॅसेट वाजवायचं यंत्र नव्हतं, म्हणून त्यांनी गाणं मोबाइलवरून लावलं.

रस्ता, वळण, फाटक, पायऱ्या. मालकांनी डोळे मिटले आणि नाटकी ढंगाने हात उचलला. आता खट् होणार!

खट् झालंच नाही. गाण्यातल्या माणसाने दार वाजवलं. ड्रम थांबला, एकटी गिटार राहिली. दार उघडलं आणि आतून कुणीतरी म्हणालं, ‘आलास? ये आत. दार लाव, वारं येतंय.’ पुढची तीन मिनिटं चौघेही तेवढंच गात राहिले, वेगवेगळ्या सुरांत, जणू त्यांना ते पुरेसं होतं. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. इतकी वर्षं जे माझ्या पोटात मावलं नव्हतं, ते इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. मला रडू आलं.

मालकांचा हात हवेत तसाच होता. तिसऱ्या रांगेत एक पांढऱ्या केसांची बाई ओठांतल्या ओठांत एकेक शब्द म्हणत होती. ताई! मालकांनी तिला पाहिलं. आता तरी खरं बोलतील, असं मला वाटलं. पण ते घसा साफ करून म्हणाले, “हे... हे गाण्याचं नंतरचं रूप असावं. मूळचं मी जपलंय.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, टाळ्या फुकट असतात.

चहाच्या वेळी ताई टेबलाशी आली. तिने मला उचललं, डबीतलं कार्ड काढलं आणि इतक्या वर्षांची चिकटलेली घडी नखाने हलकेच सोडवली. कार्ड तिने मालकांच्या बशीशेजारी ठेवलं.

“फुटपाथवर कुणाचं तरी अक्षर बरं होतं हं,” ती म्हणाली आणि मला पर्समध्ये टाकून निघून गेली.

तिच्या घरी मी स्वयंपाकघरातल्या फळीवर, काड्यापेटीशेजारी राहिले. काचेच्या कपाटापेक्षा शंभर पटींनी बरं. दुकान बंद झालं तेव्हा मागच्या खोलीतला तो टेपरेकॉर्डर दुकानदाराने तिला दिला होता, तोही तिथेच होता. आम्ही एकमेकांना ओळखलं.

पाचव्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पायऱ्यांवर बूट वाजले आणि दारापाशी येऊन थांबले. मग काहीच नाही. ताईने भाजी चिरता चिरता मान वर केली, पण उठली नाही. मी मनात म्हटलं, झालं! महाशय हात उचलून उभे राहिले! वाजव की रे शहाण्या, वाजव! इथे टाळ्या वाजवायला कुणी नाही.

बराच वेळ गेला. मग दार वाजलं.

“कोण?”

“भुंग्या.”

“कोण भुंग्या? फुटपाथवरचा?”

बाहेरून अगदी बारीक आवाज आला. “ताई, मी खोटं लिहिलं. मला लाज वाटत होती, आपल्या साधेपणाची. चुकलो मी.”

“पुढे?”

“पुढे... त्या वर्तमानपत्राला पत्र पाठवलंय. कॅसेट तू दिलीस. गाणं अर्धं होतं आणि मी त्यालाच पुरं समजलो. सगळं लिहिलंय. रविवारी येईल.”

“पुढे?”

“पुढे मला येत नाही, ताई. तेच विचारायला आलोय.”

ताईने हात पुसले आणि दार उघडलं. ती काही रडलीबिडली नाही. म्हणाली, “ये आत. दार लाव, वारं येतंय.”

मालक मात्र रडले. नाक शिंकरत रडले. इतकी वर्षं एकाच पानावर अडलेला माणूस स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडताना कसा दिसतो, ते मी सांगत नाही. तेवढी माया माझ्यातही शिल्लक आहे.

मग तो म्हणाला, “उरलेलं म्हणून दाखव ना. तू लिहिलं होतंस.”

“आता आवाज कुठे राहिलाय!” असं म्हणतच तिने भाजी फोडणीला टाकली आणि मला खाली घेतलं. मोडलेल्या कानांच्या जागी चिकटपट्टी लावली, म्हणजे माझ्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं. पण जागा कुठे होती? साठ मिनिटं म्हणजे साठच. काहीतरी पुसावं लागणार होतं.

“पहिल्या बाजूचं दुसरं गाणं पुसू या,” भुंग्या म्हणाला. “ते मला कधी आवडलंच नाही.”

मलाही नाही. इतक्या वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

त्याने लाल बटण दाबलं. ताई गायली. आवाज बसका, वरचा सूर लागला नाही, मध्येच खोकली. शेवटी भुंग्या तिच्यामागून गुणगुणू लागला, सोळाव्या वर्षाआधी गुणगुणायचा तसा. ते सगळं आता माझ्यात आहे. त्याच्या मागे भाजी करपल्याची ताईची आरडाओरडसुद्धा आहे.

कादंबरी पुरी होईल की नाही, मला माहीत नाही आणि फारशी पर्वाही नाही. तुम्हाला मात्र एवढंच सांगते. तुम्हाला घडवणाऱ्या गाण्यांचं कौतुक खुशाल करा, पण ती गाणी तुमच्या हातात कुणी आणून दिली, ते विसरू नका. आज माळ्यावर चढा आणि माझ्या एखाद्या भावंडाचं कार्ड उघडून बघा. आतल्या घडीवर पेन्सिलीने कुणीतरी तुम्हाला काही लिहिलेलं असेल. पेन्सिल पुसट होत जाते, तेव्हा जरा लवकर बघा.