साबणदाणीतला चार्जर

अकोल्याच्या सर्जिकल दुकानातला माणूस वसंतरावांशी ओरडून बोलत होता. ज्याला बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसणार, अशी लोकांची खात्री असते, आणि ही खात्री घालवायची तर बोलावं लागतं.

"काकाजी! चार्जर सुटा येत नाई! कंपनीनं बंद केला! आता मशीनच नवीन घ्या लागते!"

वसंतरावांनी पाटीवर लिहिलं, 'मला ऐकू येतं.'

"अरे वा!" तो आणखी जोरात ओरडला. "मंग तं चांगलंच आहे!"

वसंतराव पिंजरकरांनी अमरावतीच्या कोर्टात उभं आयुष्य दिवाणी वकिली केली. पक्षकारापेक्षा तोंडातल्या तंबाखूच्या खर्‍यावर त्यांची निष्ठा जास्त होती. खर्‍याने तिची फेड घशातून केली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र गेलं आणि हातात एक मशीन आलं. दाढीच्या ट्रिमरएवढं. ते गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे, की डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा आवाज निघायचा. त्या आवाजात वसंतराव दूधवाल्याला झापत, वर्तमानपत्राशी वाद घालत आणि बायकोला, सिंधूताईंना, मीठ मागत. मशीनमध्ये एक लिथियमचा सेल होता आणि एक जादा. मग एक दिवस कंपनीचा चार्जर जळाला. जाताना त्याने जादा सेलही फुगवून नेला. उरलेला सेल रिकामा होता. म्हणजे वसंतरावांचा आवाज होता, फक्त तो चार्ज करायची सोय नव्हती.

मुलाने, केयूरने, पुण्याहून फोनवर समजूत काढली. "बाबा, बाहेरून मागवतो ना नवीन. महिनाभर लागेल. तोवर जरा शांत राहा. तसंही तुम्हाला कुठे बोलायला जायचंय?"

वसंतरावांना बोलायला जायचं होतं. मंगलदीप कॉलनीच्या सभेत.

कॉलनीत बागेसाठी सोडलेली एक मोकळी जागा होती. बाग कधी झाली नाही, पण बाभळी होत्या, दोन बाकं होती आणि संध्याकाळी तिथे म्हातारे बसत. सोसायटीचा सेक्रेटरी यशोधन काळमेघ याच्या साळ्याचे कोचिंग क्लास होते. पोरांच्या गाड्या लावायला त्याला ती जागा हवी होती. नियम असा की मोकळी जागा द्यायची तर ठराव एकमताने व्हायला पाहिजे. एक जरी सभासद नाही म्हणाला, तरी ठराव बाद. हा नियम वसंतरावांनीच लिहून दिला होता. हरकत सभेत उभं राहून तोंडीच घ्यायची, कागद पाठवायचे नाहीत, हाही नियम त्यांचाच. तेव्हा कॉलनीत त्यांच्याइतकं कोणाला बोलता येत नव्हतं, म्हणून हा नियम त्यांना फार आवडला होता.

मागच्या सभेत ते हरकत घ्यायला उभे राहिले, बटण दाबलं, आणि मशीन 'घर्र' करून मेलं. चार्जर आदल्या दिवशीच गेला होता. त्यांनी रागाने हात वर करून जोरजोरात हलवला. यशोधनने तो हात ठरावाच्या बाजूने मोजला. "काकांचा तर मोठाच पाठिंबा आहे," तो म्हणाला, आणि इतिवृत्तात 'एकमताने मंजूर' असं आलं. वसंतरावांनी लेखी तक्रार दिली. ती घेताना यशोधन हसून म्हणाला, "काका, नियम तुमचाच ना? तोंडी सांगा. पुढच्या सभेत इतिवृत्त वाचून कायम करू, तवा बोलजा."

पुढची सभा त्याने खंडेनवमीच्या संध्याकाळी ठेवली. एकदा इतिवृत्त कायम झालं की जागा गेली.

म्हणून वसंतराव अकोल्याहून परतले ते इतके चिडून, की बसमध्ये शेजारच्याने "कुठं जाऊन राहिले जी?" विचारल्यावर त्यांनी पाटीवर 'मसणात' असं लिहून दाखवलं. त्यानंतर त्याने बडनेरा येईपर्यंत काही विचारलं नाही.

आणि घरी येऊन त्यांनी चार्जर स्वतः बनवायला घेतला. हयातीत घरातला फ्यूज त्यांनी बदललेला नव्हता. पण रागाने माणूस कशाला हात घालेल याला सुमार नाही. मोबाइलवर एकामागून एक व्हिडिओ पाहिले. राजकमल चौकाच्या बाजूला जाऊन बोटाच्या पेराएवढं निळं मॉड्युल आणलं, सेल बसवायची खाच आणली, वायर आणली. समोरच्या घरात नीलम वानखडे भाड्याने राहत होती. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. तिने सोल्डरिंग गन दिली.

"काका, थांबा," मॉड्युल पाहून ती म्हणाली. "हे मोठ्या सेलसाठी आहे. तुमचा सेल लहान. इतका करंट गेला तर तापून फुगंल हा पण. हा रेझिस्टर काढून मोठा लावा. आणि प्लस-मायनस उलट केलं तर मॉड्युल गेलंच समजा."

'तू सभेत का नाही येत?' वसंतरावांनी लिहिलं.

"भाडेकरू आहे जी मी. मले मत नाई. असतं तर तुमाले ही गन कायले धरू दिली असती?"

पहिलं मॉड्युल वसंतरावांनी प्लस-मायनस उलट करून जाळलं. दुसरं नीट बसलं. डबा म्हणून त्यांनी बाथरूममधली प्लास्टिकची साबणदाणी घेतली. साबणदाणीला तळाशी भोकं असतात. मॉड्युल तापतं म्हणून त्यांनी ती पालथी घातली, भोकं वर आली. हवा खेळायची सोय फुकटात झाली. मोबाइलच्या अडॅप्टरला लावा, पॉवर बँकेला लावा, वाटलं तर गाडीवर लावा. खिशात मावणारा चार्जर! नीलमने मीटर लावून पाहिलं. सेल पूर्ण भरला की चार्जर आपणहून थांबत होता. लाल दिव्याचा निळा झाला तेव्हा वसंतरावांनी मशीन गळ्याला लावलं आणि पहिलं वाक्य म्हटलं. ते अकोल्याच्या दुकानदाराविषयी होतं आणि इथे देता येण्यासारखं नाही.

पुढचे दिवस त्यांनी साठलेलं सगळं बोलून घेतलं. दूधवाला, केयूर, महानगरपालिका, कोणी सुटलं नाही. खंडेनवमीच्या सकाळी सेल पुन्हा तळाला गेला. त्यांनी तो साबणदाणीत घातला, लाल दिवा लागलेला पाहिला आणि रात्रभर भाषणाची तयारी केली म्हणून जरा आडवे झाले.

उठले तेव्हा दुपार कलली होती. दिवाणखान्यात पाटावर पूजा मांडलेली होती. मिक्सर, शिलाई मशीन, विळी, दिवाणी कायद्याचं पुस्तक, वकिलीचा काळा कोट, आणि मधोमध, झेंडूच्या फुलांत, पालथी साबणदाणी. तिच्यावर ओल्या कुंकवाची पाच बोटं, हळद, अक्षता. कुंकवाचा ओघळ नेमका भोकातून आत गेला होता. वायर काढून गुंडाळून बाजूला ठेवलेली.

वसंतराव बोट रोखून उभे राहिले. त्यांचे नुसते ओठ हलत होते.

"असे काहून पाहून राहिले?" सिंधूताई म्हणाल्या. "आज खंडेनवमी. ज्याच्यावर घर चालते ते पूजेत ठेवा लागते. मिक्सर ठेवला, मशीन ठेवली, तुमची गाडी धुतली. मंग तुमचा आवाजच काहून सोडू? किती मन लावून केला तुमी तो डबा."

त्यांनी साबणदाणीला हात घातला.

"हां! उद्या दसऱ्यापर्यंत पूजेतलं हलवायचं नाई. वापरायचं तं नाईच. लेकरंसुद्धा आज पुस्तक उघडत नाईत!"

वसंतरावांनी साबणदाणी उचलली. सिंधूताईंनी डोळे मिटून देवीची क्षमा मागितली. नवऱ्याची मागितली नाही. डबा उघडला तर निळं मॉड्युल लालभडक झालेलं होतं. धोतराच्या सोग्याने पुसलं, वायर लावली. दिवा लागला नाही, जळका वास मात्र आला. नीलमच्या दाराला कुलूप होतं. ती सकाळीच दीक्षाभूमीला निघून गेली होती. दुकानं तर आज उघडी असती तरी मालक मॉड्युलची पूजाच करत बसला असता.

सेलमध्ये जे काही चार्जिंग गेलं होतं ते सिंधूताईंनी वायर काढायच्या आधी गेलेलं. वसंतरावांनी हिशेब केला. दोन वाक्यं निघतील, फार तर तीन. त्यांनी भाषण फाडलं आणि एकच वाक्य पाठ केलं. मशीन तपासूनसुद्धा पाहिलं नाही.

सभा समाजमंदिरात होती. यशोधन दारातच उभा होता.

"या, काका, या! मंडळी, एक आनंदाची गोष्ट सांगतो. आपल्या काकांनी या वयात घरच्या घरी चार्जर तयार केला! साबणदाणीत! टाळ्या झाल्या पाहिजे!"

टाळ्या झाल्या. शाल आली, नारळ आला. शाल कुठून तरी आधीच आणून ठेवली होती.

"काका, दोन शब्द होऊन जाऊ द्या!"

वसंतरावांनी मान हलवली. नाही. पाटी काढली.

"पाटी नाई चालत, काका! आवाज ऐकू द्या आमाले! बोला, बोला!"

सगळी सभा 'बोला, बोला' करू लागली. शेजारच्या डोमाजींनी तर मशीन त्यांच्या हातातून घेऊन प्रेमाने स्वतःच त्यांच्या गळ्याला टेकवलं. बटण दाबलं गेलं आणि घरघर सुरू झाली. आता ती वाया घालवण्यापेक्षा वसंतराव बोलले.

"मोकळी जागा द्यायला माझा विरोध आहे. हरकत नोंदवा. माझा हात त्या दिवशी..."

"बापा! किती साफ येऊन राहिला आवाज!" डोमाजी म्हणाले. टाळ्या पुन्हा पडल्या. सभेने आवाज ऐकला होता. शब्द कोणी ऐकले नव्हते. ज्याने ऐकले, तो यशोधन हात जोडून म्हणाला, "काका, तो विषय विषयपत्रिकेवर पुढं आहे. तवा बोलजा. आता सत्कार चालू आहे."

विषय आला तेव्हा यशोधनने विचारलं, "इतिवृत्त वाचून कायम करायचं आहे. कोणाची हरकत?" वसंतराव उभे राहिले, मशीन लावलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी हात वर केला नाही, तेवढं शिक्षण झालं होतं. खिशातली पाटी काढून डोक्यावर धरली. यशोधन खाली वहीत पाहत होता.

"नाई ना? वाचतो मंग. दिनांक..."

वसंतरावांनी समोरची लोखंडी घडीची खुर्ची उचलली, मिटली आणि फरशीवर आपटली. उघडली, मिटली, आपटली. यशोधन थांबला. ते थांबले. यशोधनने "दिनांक" म्हटलं. खुर्ची पडली. वकिली गेली असली तरी नियम त्यांच्या डोक्यात होता: इतिवृत्त वाचल्याशिवाय कायम होत नाही, आणि वाचणं म्हणजे सभासदांना ऐकू येणं.

"काका, हे काय वागणं झालं!" यशोधन ओरडला. खुर्ची. "याची नोंद..." खुर्ची. तो तोंड हलवत राहिला, हातवारे करत राहिला, गळ्याच्या शिरा फुगल्या. एक शब्द कोणाला कळला नाही. डोमाजी खुर्ची धरायला आले तर वसंतरावांनी दुसरी घेतली. बायका कानांत बोटं घालून हसू लागल्या, मग घाबरल्या, मग उठल्या. सिंधूताईंनी येऊन बाही ओढली, काही तरी म्हणाल्या, तेही त्या आवाजात गेलं. शेवटी यशोधनने वही मिटली, मांडव आवरल्यासारखे दोन्ही हात हलवून सभा तहकूब झाल्याचं दाखवलं आणि पायर्‍या उतरून गाडीला किक मारली.

नियमाप्रमाणे तहकूब सभा आठवड्याभराने पुन्हा होणार. तोवर मॉड्युल आणायचं, रेझिस्टर बदलायचा, डबा करायचा.

माणसं पांगली. दिवे अर्धे बंद झाले. वसंतराव आपटतच होते. आता ते यशोधनसाठी नव्हतं. अकोल्याच्या दुकानदारासाठी होतं, 'कुठे बोलायला जायचंय' साठी होतं, शालीसाठी होतं, खर्‍याच्या प्रत्येक पुडीसाठी होतं. खुर्चीचा एक पाय वाकला.

"गेले जी सगळे," सिंधूताई म्हणाल्या. "कोणीच नाई आता."

त्यांनी ऐकलं, आणि खुर्ची पुन्हा उचलली. मग सिंधूताई रिकाम्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि नवऱ्याचं सगळं म्हणणं ऐकून घेऊ लागल्या.