नऊ मिनिटांची नोंद

दया आढाव शुद्धीवर आली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. पोटावर टाके होते, तोंडाला कोरड पडली होती. तिचा नवरा जोसेफ कॉटशेजारी स्टुलावर बसला होता. तिने काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मूल गेलं. जन्मलं तेच मेलेलं होतं."

"मुलगा की मुलगी?"

"मुलगा."

"मला दाखवा."

"नोहा घेऊन गेला." नोहा म्हणजे जोसेफचा धाकटा भाऊ, कोपरगावकडे शेती करायचा. "डॉक्टर म्हणाले, तू न पाहिलेलंच बरं."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आधी दोनदा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. या वेळी सहावा महिना सरला, पोटात लाथा बसायला लागल्या, आणि एके दिवशी सकाळी शाळेला निघताना साडी रक्ताने भिजली. संगमनेरातल्या त्या खासगी दवाखान्यात तिला पूर्ण भूल देऊन घाईने ऑपरेशन केलं. घरी सोडताना दिलेल्या कागदांत एक छापील फॉर्म होता. वजन सातशे वीस ग्रॅम. त्याखाली 'मृत जन्म', आणि सगळ्यात खाली जोसेफची सही.

तीन महिन्यांनी ती शाळेत रुजू झाली. ती सहावीला विज्ञान शिकवायची. तिच्या जागी आलेल्या तात्पुरत्या बाईंनी बराच अभ्यासक्रम संपवला होता, पण सजीव-निर्जीवांचा धडा ठेवून दिला होता. का ठेवला, ते कुणी बोललं नाही. शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, "हवं तर मी घेते." दया नको म्हणाली.

चौदा वर्षं शिकवलेला धडा. तिने फळ्यावर लक्षणं लिहिली. वाढ, श्वसन, हालचाल, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन. शेवटी ठरावीक आयुर्मान. "दगड मरत नाही," ती दर वर्षीप्रमाणे म्हणाली. "मरायला आधी जिवंत असावं लागतं."

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, म्हणजे जे मेलं ते एकदा तरी जिवंत होतंच?"

"हो."

"हे लिहून घ्यायचं का?"

"घ्या लिहून," दया म्हणाली, आणि तास संपेपर्यंत खिडकीपाशी उभी राहिली. साडी भिजली त्या दिवशी सकाळी घरातून निघतानासुद्धा पोटातल्या बाळाने लाथ मारली होती. ते तिला पक्कं आठवत होतं.

पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत आराधना साळवे शाळेत आली. ती दयाची जुनी विद्यार्थिनी, आता त्या दवाखान्यात नर्स होती. ऑपरेशनच्या वेळी ती आत होती हे दयाला माहीत नव्हतं. आराधना खुर्चीवर बसली नाही.

"बाई, मी ती नोकरी सोडतेय. नाशिकला चाललेय. जायच्या आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"काय?"

"तुमचं बाळ जिवंत जन्मलं होतं."

दयाने जेवणाचा डबा बाजूला सारला.

"मी नाळ धरली होती. ठोके लागत होते. श्वास घ्यायला तो तोंड उघडत होता, मधेच थांबत होता, परत उघडत होता. मी त्याला कपड्यात गुंडाळलं. माझं बोट त्याच्या हाताला लागलं तर त्यानं ते धरलं. नऊ मिनिटं, बाई. मी घड्याळ पाहिलं होतं."

"मग कागदावर तसं का लिहिलं?"

"डॉक्टरांनी सांगितलं तसं मी लिहिलं." आराधना आता खुर्चीवर टेकली. "अक्षर माझंच आहे."

दयाने तिला पाणी दिलं. मग विचारलं, "हे लिहून देशील?" आराधनाने तिथेच वहीच्या दोन पानांवर सगळं लिहिलं आणि सही केली.

ती पानं जोडून दयाने नगरपालिकेत अर्ज दिला. आपल्या मुलाचा जन्म नोंदवावा, मग मृत्यू नोंदवावा, दोन्हींचे दाखले मिळावेत. तिथला कारकून रामहरी वाईट माणूस नव्हता. त्याने अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, आम्ही काही ठरवत नाही. दवाखान्यातून जे येतं ते चढवतो. त्यांनी दुरुस्ती करून पाठवली तर लगेच करतो." मग अर्ज फायलीत लावत म्हणाला, "पण आता त्यानं काय होणार?"

ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला. तिने चहाला हात लावला नाही.

"तो श्वास घेत होता का?" तिने विचारलं.

"अधूनमधून. त्याला श्वास म्हणायचं की नाही हा प्रश्न आहे."

"हृदय चालू होतं?"

डॉक्टरांनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "बाई, तुमचं रक्त थांबत नव्हतं. माझे दोन्ही हात तुमच्या पोटात होते. मी तुम्हाला वाचवत होतो."

"त्याबद्दल माझी तक्रार नाही. जिवंत जन्मला, नऊ मिनिटांनी गेला, एवढं का नाही लिहिलं?"

"लिहिलं असतं तर पुढे पन्नास प्रश्न. मोठ्या दवाखान्यात का हलवलं नाही, कुणी ठरवलं." ते टेबलावरची कात्री इकडून तिकडे ठेवत होते. "आणि मी एकट्यानं काही ठरवलं नाही. तुमच्या मिस्टरांना आत बोलावलं होतं. त्यांना विचारा."

जोसेफ दूध संघात सुपरवायझर होता. संध्याकाळी सहाला घरी यायचा. तो बूट काढत असतानाच दया म्हणाली, "तुम्ही आत गेला होतात."

त्याने दुसरा बूट काढला नाही.

"डॉक्टर म्हणाले, नाशिकला न्यायला गाडी बोलवायची का. मी विचारलं, जगेल का. ते म्हणाले, शंभरात दोन-तीन जगतात. आणि जगलं तरी डोळे, मेंदू, काही सांगता येत नाही."

"मग?"

"मी म्हटलं, राहू द्या."

"आणि?"

"आणि तिला सांगू नका, म्हटलं. तू आधीच दोनदा..."

"माझं नका सांगू. त्याला घेतलंत का तुम्ही?"

"नाही."

"नऊ मिनिटं तुम्ही तिथं उभे होतात."

"होतो."

"त्यानं नर्सचं बोट धरलं होतं."

"पाहिलं मी." जोसेफने मान वर केली नाही. "म्हणूनच घेतलं नाही. घेतलं असतं तर राहू द्या म्हणता आलं नसतं."

दया स्वयंपाकघरात गेली. राहू द्या, हे कदाचित तिनेही म्हटलं असतं. त्याबद्दल ती रात्रंदिवस विचार करून कधीतरी त्याला माफ करू शकली असती. पण बाप तिथे असताना तिचा मुलगा परक्या मुलीचं बोट धरून गेला, आणि मग दोन माणसांनी मिळून ठरवलं की तो नव्हताच.

रविवारी चर्चला न जाता ती जोसेफला म्हणाली, "मला ती जागा दाखवा." दोघं मोटरसायकलवरून नोहाच्या शेतावर गेले. वाटेत तिने विचारलं, चर्चच्या दफनभूमीत का नाही नेलं. "पास्टरांनी नाव विचारलं असतं," जोसेफ म्हणाला. "बाप्तिस्मा नाही, नाव नाही. काय सांगणार होतो?"

नोहा बांधावर उभा होता. समोर कमरेएवढा ऊस लागला होता, बांधापासून बांधापर्यंत सारखा.

"कुठे भाऊजी?"

"वहिनी, हितंच हुतं." त्याने हात केला तो अर्ध्या शेतावरून फिरला. "बाभळीपासनं धा पावलं मोजली हुती म्या. मंग बाभूळ काढली, ट्रॅक्टर फिरला, सऱ्या पाडल्या. मला काय ठावं तुमी कवा इचारताल. दादा म्हनला हुता, कुनाला काय सांगू नगं."

"तुम्हाला तरी माहीत होतं का, तो जिवंत जन्मला होता?"

नोहाने भावाकडे पाहिलं. "न्हाई," तो म्हणाला. "मला खोकं दिलं. म्या खड्डा केला."

दया उसात शिरली. पानं हातांना कापत होती. चार-पाच सऱ्या ओलांडून ती थांबली, खाली पाहिलं, मग आणखी पुढे गेली. पाटाचं पाणी चालू होतं, पाय चिखलात रुतत होते. अर्ध्या तासाने ती जशी गेली तशीच बाहेर आली.

महिन्याभराने आराधनाचा नाशिकहून फोन आला. "बाई, माझे ते कागद मागे घ्या. जुन्या दवाखान्याने माझा अनुभवाचा दाखला अडवून ठेवलाय. इथे कायम करायला तो लागतो." दयाने दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन दोन्ही पानं काढून घेतली. रामहरीने ती फायलीतून सोडवून तिच्या हातात दिली. नंतर पोस्टाने उत्तर आलं. रुग्णालयाच्या अहवालानुसार नोंद योग्य आहे, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

ते पत्र वाचून जोसेफने घडी घातली. मग त्याने हळूच विचारलं, "नाव काय ठेवणार होतीस?"

"ठेवलंय," दया म्हणाली.

"काय?"

तिने पत्र त्याच्या हातातून घेतलं आणि कपाटात ठेवलं. पुन्हा कधीतरी सांगेल, असं त्याला वाटलं. या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. ते एकाच घरात राहतात, रविवारी एकाच बाकावर बसतात. नाव त्याला अजून माहीत नाही.