मखरासाठी कापलेला एक्स-रे

मी एक एक्स-रे बोलतोय, शांताच्या दोन्ही हातांचा. मला ट्यूबलाइटसमोर धरू नका. त्यातलं तुम्हाला काही कळत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

माझा जन्म परळच्या एका सेंटरमध्ये झाला. थंडगार फळीवर शांताने हात ठेवले, तर बोटं सरळ होईनात. करी रोडच्या चाळीत ती पोळीभाजीचे डबे करते. सकाळी तिची मूठ वळत नव्हती, सांधे सुजून गरम व्हायचे.

मी चाळीत आलो आणि सगळे डॉक्टर झाले. शेजारच्या जगदीशभाऊंनी मला उलटं धरलं.

"हाड खंय मोडलाहा? सगळी जाग्यार आसत."

"तेच म्हणतो मी," शांताचा नवरा लवू म्हणाला. "फ्रॅक्चर नाय, काय नाय. कणीक मळायचा कंटाळा, दुसरं काय!"

हाड मोडणं एवढा एकच आजार यांना ठाऊक. आणि आवाज केवढा!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं आणि बोटांच्या मुळाशी पेनाचं टोक टेकवलं.

"दोन्ही हातांत इथे हाड कुरतडल्यासारखं दिसतंय ना? हा आमवात. गोळ्या सुरू करू. हा एक्स-रे जपा. वर्षाने नवा काढून दोन्ही शेजारी लावू. खड्डे तेवढेच राहिले तर गोळ्या लागू पडल्या. वाढले तर औषध बदलायचं, नाहीतर बोटं वाकडी होतील."

शांताने मला कपाटावर ठेवलं, पिशवीत गुंडाळून.

गणपती जवळ आले की लवूच्या मंडळाची माणसं घरोघर जुने एक्स-रे मागत फिरतात. आमच्यात नक्षी कापायची, वरून रंग फवारायचा, की मखरावर कमळं उठतात. पुठ्ठ्याचा साचा रंगाने भिजतो, आम्ही भिजत नाही. शांता डबे द्यायला गेली होती. लवूने मला खाली काढलं.

"जुनाच तर आहे," तो म्हणाला. "नवीन काढायचाच आहे ना!"

जुनं म्हणजे मेलेलं, एवढीच यांची अक्कल. माझ्या दोन्ही हातांवर एकेक कमळ कापलं गेलं.

वर्षाने शांताने कपाट पालथं घातलं, तेव्हा लवू मला मंडळाच्या खोलीतून घेऊन आला. मी सोनेरी झालो होतो. बाईंनी मला नव्या एक्स-रेशेजारी लावलं.

"अहो, इथे तर कमळ आहे! सेंटरमध्ये कॉपी असेल?"

"ते बंद पडलं. तिथे आता मोमो मिळतात," लवू पुटपुटला.

"सोनोग्राफीत आजची सूज दिसेल. पण खड्डे तेव्हा केवढे होते, ते कशाशी ताडू?"

"म्हणजे गोळ्या लागू पडतायत की नाही..." शांताने विचारलं.

"आज नाही सांगता येणार. हा नवा जपा. आता याच्यापासून पुन्हा मोजायचं."

"मला काय माहीत," लवू म्हणाला. "फ्रॅक्चर तर नव्हतं."

शांताने नवा एक्स-रे काखेत घट्ट धरला. "यंदा मखराला तुमचे हात कापून द्या."

मी परत मंडळाच्या खोलीत, खिळ्याला टांगलेला आहे. माझ्यातून उठलेल्या कमळांपुढे सगळी चाळ हात जोडते. शांताचे तळवे नीट जुळत नाहीत. ते सुधारतायत की बिघडतायत, हे मी सांगू शकलो असतो.

तुमच्या कपाटावर माझा एखादा भाऊ पडला असेल, तर त्याला तिथेच राहू द्या. तो तुमच्यापेक्षा जास्त जाणतो.